शर्टामागं पाच रुपये

सिद्धेश्वरीनं देणी फेडायला घेतली तेव्हा शेळगीतल्या त्या गल्लीची चांगलीच करमणूक झाली. म्हणजे बघा, आधी तिनं फ्रीज विकला. भर एप्रिलात सोलापूरचं ऊन माणसाला घरात उभं करत नाही, आणि ही बाई फ्रीज विकून माठ घेऊन आली. मग टीव्ही बंद केला. नवऱ्याचा तंबाखूचा मावा बंद केला, तो कसा केला ते तिचं तिलाच ठाऊक. सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत पोरीला घेऊन गेली आणि पाळण्यात न बसता, भजी न खाता, नुसती रोषणाई बघून परत आली. तेव्हा शेजारच्या कस्तुराबाईनं तिला तोंडावरच विचारलं, “जत्रंला गेलीवतीस का पहाऱ्यावर?”

सिद्धेश्वरी हसली नाही. हसण्याचे दिवस तिनं तात्पुरते बाजूला ठेवले होते.

ती घरी शाळेचे युनिफॉर्म शिवायची. हात असा बसलेला, की तिची कॉलर कधी मान टाकत नसे. एक मशीन होती तोवर बरं चाललं होतं. मग हुरूप आला, कर्ज काढून आणखी तीन मशीन घेतल्या, दोन बायका हाताखाली ठेवल्या, आणि पुढच्याच वर्षी कोरोनानं शाळा बंद पडल्या. पोरं घरात बनियनवर बसून मोबाईलसमोर शिकायला लागली, त्यांना कॉलर कशाला हवी? मशीनचे हप्ते मात्र कुणी बंद केले नाहीत. ते भरायला तिनं महिला गटाचं कर्ज घेतलं, गटाचा हप्ता भरायला मोबाईलवरचं घेतलं, आणि किराणावाल्यासमोरून जाताना तोंड लपवायला लागली. वसुलीचा माणूस दारात खुर्ची टाकून बसायचा आणि वर चहा मागायचा. असल्या माणसाला चहा देणं काय असतं, ते ज्यानं दिलाय त्यालाच विचारावं.

त्या वेळी धावून आली ती पार्वतम्मा, थोरली जाऊ. तिला सगळे अक्काच म्हणायचे. सिद्धेश्वरीचा नवरा गुरू नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हा नव्या नवरीनं, म्हणजे या अक्कानं, त्याला न्हाऊमाखू घालून मोठा केला. मोठे दीर गेल्यावरही घरातला शब्द तिचाच चालायचा. तिनं चाटी गल्लीतले युनिफॉर्मचे व्यापारी महादेवप्पा शेठ यांच्याकडं शब्द टाकला आणि सिद्धेश्वरीच्या नावानं सत्तर हजारांची उचल आणून दिली. वसुलीवाल्याची खुर्ची दारातून उठली. सिद्धेश्वरी त्या दिवशी अक्काच्या पाया पडली, ती उठेचना. अक्कानंच तिला दंडाला धरून उभं केलं.

उचलीचा नियम पेठेत सगळ्यांना ठाऊक असतो. शेठनं आगाऊ पैसे द्यायचे, आणि ते फिटेपर्यंत शिवणारीनं फक्त त्याच्यासाठीच शिवायचं. शिवाय मजुरीतून शर्टामागं पाच रुपये कापले जायचे. अठ्ठावीसच्या दराचे सिद्धेश्वरीच्या हातात तेवीस यायचे. टेंपो गल्लीत शिरत नसे, म्हणून कापडाचे गठ्ठे तोंडाशी अक्काच्या ओट्यावर उतरायचे, शिवलेला माल तिथूनच जायचा, आणि शनिवारी पैसेही अक्काच आणायची. उचलीतले किती राहिले तेही तीच सांगायची. सिद्धेश्वरी शेठच्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. थोरल्या जावेनं आपला शब्द खर्चून आणलेलं काम, तिला ओलांडून पेठेत जायचं म्हणजे तिच्या तोंडावर चोर म्हणण्यासारखं होतं. पार्वतम्मानं आपल्या थोरल्यांना कधी हिशेब विचारला नव्हता, आणि सिद्धेश्वरी पार्वतम्माला विचारत नव्हती. त्या घराची रीतच तशी होती.

दोन मशीन विकून, पोटाला चिमटा काढून, आधी लहान देणं, मग मोठं, असं करत तिनं एकेक तोंड बंद केलं. किराणावाल्याचे फेडले तेव्हा त्याच्याच दुकानातून रोख पैसे टाकून पाव किलो गूळ आणला आणि घरात सगळ्यांच्या हातावर ठेवला. गटाचं कर्ज फिटलं, मोबाईलचं फिटलं, मशीनचं फिटलं. मग एका सोमवारी तिनं गुरूला देवळात नेऊन उभं केलं आणि म्हणाली, “आता ह्यापुढं कुणाचं काय घ्यायचं न्हाय. तुमीबी म्हणा.”

“न्हाय घ्यायचं,” गुरू म्हणाला. तो दुसऱ्याचा छोटा टेंपो भाड्यानं चालवायचा. माणूस गरीब, आवाज त्याहून गरीब.

सिद्धेश्वरीनं शब्द पाळला. दूधवाल्याचीसुद्धा बाकी ठेवायची नाही म्हणून महिनाअखेरीला घरात काळा चहा व्हायचा. फक्त एकदा, गेल्या जूनमध्ये, पोरीच्या कॉलेजच्या फीला तीन हजार कमी पडले, तेव्हा अक्कानं आपणहून आणून दिले. ते परत करेपर्यंत सिद्धेश्वरीला अन्न गोड लागलं नाही, आणि परत करताना ती पुन्हा अक्काच्या पाया पडली.

आता राहिली होती फक्त शेठची उचल. बत्तीस हजार, असं अक्का सांगत होती. फिटता फिटत नव्हती, कारण शेठनं मध्येच व्याज लावलं होतं, असंही अक्काच सांगत होती. आणि गुढीपाडवा तोंडावर आला होता.

पाडव्याला पेठेत नव्या हंगामाचं काम वाटतात. जिच्या डोक्यावर उचल नाही ती कुठल्याही दुकानात जाते, दर विचारते, पटला तर गठ्ठा उचलते, नाही पटला तर पुढच्या दुकानात जाते. जिच्यावर उचल आहे, ती वर्षभर बांधलेलीच. सिद्धेश्वरीला एवढंच हवं होतं. दुकानात उभं राहून “दर काय देणार?” असं विचारायचं. मशीनवर पाय चालू असताना ती ते वाक्य मनातल्या मनात म्हणून बघायची.

त्यासाठीच तिनं कस्तुराबाईची भिशी धरली होती. बोलीची भिशी. वीस बायका, दोन-दोन हजार, महिन्याला चाळीस हजार. जिला नड असेल तिनं “मी इतके सोडते” म्हणायचं. जी सगळ्यात जास्त सोडेल तिला उरलेले मिळायचे, आणि सोडलेले बाकीच्यांत वाटले जायचे. पहिल्या महिन्यांत बायका दहा-दहा हजार सोडून पैसे घेऊन जात, म्हणजे ते कर्जच झालं की, नाव तेवढं गोड. सिद्धेश्वरी त्या फंदात पडली नाही. ती सतरा महिने गपगुमान भरत राहिली, म्हणजे उचलले तरी आपलेच आपण उचलले. आता घेणाऱ्या तीनच राहिल्या होत्या. ती, अक्का, आणि एक निवृत्त मास्तरीणबाई, ज्यांना शेवटीच घ्यायची होती. गेल्या महिन्यात बोली हजाराच्या पुढं गेली नव्हती.

भिशीच्या आदल्या दिवशी अक्काच्या ओट्यावर दोघी बटणं लावत बसल्या होत्या.

“किती सोडशील गं?” अक्कानं विचारलं.

“लागलंच तर आठ. त्याच्यावर गेलं तर शेठचे बत्तीस भरत न्हाईत.”

“आठ कशाला लागत्यात? हजारात येतीय तुला.”

अक्कानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सिद्धेश्वरीला आई नव्हती. असा हात फिरला की तिला भरून यायचं, तसं त्या दिवशीही आलं.

रविवारी दुपारी कस्तुराबाईच्या अंगणात बायका जमल्या. कस्तुराबाई मूळची सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरची. वीस बायका हाकणं तिला कधी जड गेलं नाही.

“बोला गं.”

“एक हजार,” सिद्धेश्वरी म्हणाली. आवाज थोडा मोठाच निघाला.

“दोन,” अक्का म्हणाली.

बायका हसल्या. थोरल्या-धाकटीची थट्टा चाललीय असं सगळ्यांना वाटलं. सिद्धेश्वरीलाही तसंच वाटलं आणि तीही हसली.

“तीन.”

“चार.”

हसणं कमी झालं. पाच झाले, सहा झाले. कस्तुराबाई म्हणाली, “अवो, अठराव्या म्हैन्यात एवढं कोण सोडतंय? डोस्कं फिरलंय काय दोघींचं?” पण अक्का तिच्याकडं बघतच नव्हती.

“आठ,” सिद्धेश्वरी म्हणाली. तिनं अक्काकडं बघितलं, नुसतं बघितलं नाही, डोळ्यांनी विनवलं. आठ म्हणजे काय हे त्या अंगणात एकट्या अक्कालाच ठाऊक होतं.

“साडेआठ,” अक्का म्हणाली, आणि पदर सारखा करत बसली.

बायकांना साडेआठ हजारांतला वाटा मिळणार होता, तरीही कुणाचा चेहरा खुलला नाही. सिद्धेश्वरीनं आपला वाटा घेतला. तो हातात घेताना तिला वाटलं, सगळ्यांच्या देखत कुणी आपल्या थोबाडीत मारली आणि वर खाऊ दिला.

संध्याकाळी अक्का वाटीभर शेंगाचटणी घेऊन आली. पत्रे गळतात, पावसाच्या आत बदलायचेत, असं म्हणाली. “एक हंगाम काय गं, बघता बघता जाईल. मी शेठला बोलते, व्याज कमी कर म्हणून.”

“तुमी मला आदल्या दिशी इचारलं, अक्का. किती सोडशील म्हणून.”

“मग? इचारू नको व्हय?” एवढं बोलून अक्का उठली. वाटी मात्र ठेवून गेली.

गुरू जेवायला आला तेव्हा सिद्धेश्वरीनं सगळं सांगितलं. सांगताना तिला रडू फुटलं. गुरू खाली मान घालून भाकरी चुरत राहिला. “जाऊ दे,” तो म्हणाला, “थोरली हाय ती.”

“मी शेठकडंच जाते. पाया पडते, म्हैनाभर थांबा म्हणते.”

तेव्हा मात्र त्यानं मान वर केली. “पेठेत जाऊ नको. लई तापट हाय शेठ. बायामाणसाला दारात उभं करत न्हाय.”

सिद्धेश्वरी दोन दिवस गेली नाही. मशीनवर बसली की ‘साडेआठ’ कानात यायचं. पैसे गेले याचं दुःख होतंच, पण ज्या बाईला आपण आपली शेवटची मर्यादा विश्वासानं सांगितली, तिनं बरोब्बर त्याच जागी पाय ठेवला, हे तिला गिळता येत नव्हतं. एखाद्या परक्या बाईनं केलं असतं तर ती भांडून मोकळी झाली असती. मंगळवारी तिनं अर्धवट शर्ट मशीनवरच ठेवला, चप्पल घातली आणि शेअर रिक्षात बसली. जन्मात पहिल्यांदा ती थोरल्या जावेला ओलांडून निघाली होती.

महादेवप्पा शेठ तापट वगैरे काही नव्हते. कपाळावर विभूतीचे पट्टे, पोट गादीवर टेकलेलं, आणि दर चार शब्दांनी उचकी. त्यांनी तिला आधी पाणी दिलं. नाव सांगितल्यावर म्हणाले, “शेळगीच्या सिद्धेश्वरी? ती कॉलर तुमची होय! अहो, लातूरचं एक गिऱ्हाईक तुमच्याच कॉलरी मागतं.”

तिला बरं वाटलं. आता मागणं सोपं होईल असं वाटून तिनं पाठ केलेलं बोलून टाकलं. “शेठ, माजे बत्तीस हजार ऱ्हायलेत. भिशी फुडच्या म्हैन्यात हातात येतीय, आली की आणून टाकते. पण ह्या पाडव्याला मला मोकळं करा.”

“कसले बत्तीस?”

“उचलीचे.”

शेठ तिच्याकडं बघत राहिले. “तुमची उचल? ती मागच्या पाडव्याच्या आधीच फिटली की. मीच पार्वतम्माला सांगितलं, आता सिद्धेश्वरीला पुरे अठ्ठावीस लावा. वर्ष झालं, पुरे पैसे जातात तुमच्या नावानं. उचल फेडणारीला आम्ही खुशीची साडी देतो, तीही पाठवली होती. जांभळी. मिळाली ना?”

मिळाली होती. मागच्या पाडव्याला अक्कानं तिच्या हातात जांभळी साडी ठेवली होती. म्हणाली होती, “माझ्याकडनं घे, पोरी. लई राबतीस.” आणि सिद्धेश्वरी पाया पडली होती.

“म्हणजे तुम्हाला...” शेठ म्हणाले, आणि त्यांची उचकी थांबली.

काय झालं असेल ते त्यांच्या ध्यानात यायला लागलं होतं. सिद्धेश्वरीनं ते पाहिलं, आणि बघा या बाईची तऱ्हा. पायाखाली आग लागलेली असताना तिला पहिली काळजी कशाची पडली, तर घराची अब्रू पेठेत जाईल याची. “व्हय व्हय,” ती घाईनं म्हणाली, “मी दुसऱ्याच हिशेबाचं बोलत हुते. साडी मिळाली की. चांगली हुती.”

बाहेर आली आणि तिथल्याच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. पाच-पाच रुपये करत वर्षभरात तीस हजार तरी गेले होते, पण तिच्या मनात पैसे नव्हते. ज्या दिवसासाठी तिनं पोरीला पाळण्यात बसू दिलं नाही, तो दिवस येऊन गेला होता. ती मोकळी झाली त्या दिवशी ती काय करत होती कुणास ठाऊक. बहुतेक कॉलरच लावत असेल. आणि पोरीच्या फीचे ते तीन हजार! तिचेच पैसे अक्कानं तिला उसने दिले होते, आणि तिनं ते परत केले होते. तिनं डोकं गुडघ्यांवर टेकलं. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईनं विचारलंही, “चक्कर येतीय काय?” तिनं नुसती मान हलवली.

अक्का ओट्यावर गठ्ठे सोडत बसली होती.

“चाटी गल्लीत गेलते,” सिद्धेश्वरी म्हणाली.

अक्काचे हात थांबले. खोटं बोलायचा तिनं प्रयत्नसुद्धा केला नाही. “मला ओलांडून गेलीस?”

“माजी फिटलेली उचल तुमी मला वरीसभर परत फेडायला लावली, अक्का. आन् मी तुमाला ओलांडलं?”

“हळू बोल.”

“का हळू बोलू? रविवारी साडेआठ म्हणताना तुमी हळू बोलला का? मी पैशे घिऊन शेठकडं गेले असते तर समदं उघडं पडलं असतं, म्हणून माजी भिशी उचलली तुमी.”

अक्का उठली आणि ओट्याच्या कडेला आली. तिचा चेहरा शरमेचा नव्हता, रागाचा होता. “त्यो वसुलीवाला दारात बसलावता, तवा कोण आलं? तुज्या माहेरचं कुणी आलं का? मी गेले. शेठच्या पायऱ्या मी झिजवल्या. इसरलीस?”

“न्हाय इसरले. रोज ध्येनात ठिवलं. म्हणून तर पाया पडत गेले. शर्टाला पाच रुपये तुमी मागून घेतले असते, तर मी सात दिले असते.”

अक्काचा आवाज खाली आला. “मी एक रुपाया खाल्ला न्हाय, पोरी. पैसा घरातच ऱ्हायला. आधी घरात जाऊन इचार. मग माज्या दारात यिऊन वरड.”

सिद्धेश्वरीला त्याचा अर्थ लागला नाही. चालता चालता तिनं ते मनात दोन-तीनदा घोळवलं, आणि दारापर्यंत येईतो तिला भीती वाटायला लागली.

गुरू नळावर हातपाय धूत होता.

“मी चाटी गल्लीत जाऊन आले,” ती म्हणाली.

नळ तसाच वाहत राहिला. “अक्काला बोललीस का?” त्यानं विचारलं.

ती वाट बघत राहिली. शेठ काय म्हणाला, हे तो विचारेल म्हणून. बाई दोन दिवस रडतेय, जाऊ नको म्हटलं तिथं जाऊन आलीय, तर कुठलाही नवरा आधी तेच विचारील. गुरूनं विचारलं नाही. त्याला विचारायची गरज नव्हती.

“तुमाला ठावं हुतं,” ती म्हणाली.

गुरूनं नळ बंद केला, आणि तिथंच चौथऱ्यावर बसला. मग हळूहळू सगळं निघालं. टेंपोचा मालक गेल्या वर्षी गाडी विकायला निघाला. दुसऱ्या कुणी घेतली असती तर गुरूच्या हातात काही राहिलं नसतं. कर्ज काढायचं नाही असं देवळात बोलून बसलेला, त्यामुळं सिद्धेश्वरीपुढं तोंड उघडायची हिंमत नाही. तो अक्काकडं गेला. अक्का म्हणाली, तिची उचल फिटलीय, तिला कळू देऊ नको, ते पाच रुपये कापत राहू आणि तुझ्या हप्त्याला लावू. तुझा टेंपो होईल, तिलाही कळणार नाही. पण हप्ता मोठा आणि भाडी कमी. तीन हप्ते थकले होते, गाडी ओढून न्यायची नोटीस आली होती. भिशीचे पैसे तिकडंच गेले होते. पत्रे गळत नव्हते.

“अजून किती हाय?”

“तीन वरसं.”

“मला सांगितलं का न्हाय?”

“तू घिऊ दिलं नसतंस.”

“नसतं दिलं.”

“मग मी काय करायचं हुतं, सिद्धू? हमाली?”

“हमाली केली असती तर मी तुमच्या अंगाला तेल लावलं असतं!” तिचा आवाज फाटला. “काळा चहा पिलो आपुन. पोरगीबी पिली. तुमी समोर बसून पीत हुता की तोच चहा! मी म्हणायची, आता थोडंच ऱ्हायलंय, आन् तुमी मान हलवायचा. कशी हलवली वो मान? त्या अक्काचं मी समजून घेईन, ती कोण कुठली. तुमी माज्या शेजारी उभं ऱ्हाऊन देवाम्होरं बोलला हुता.”

गुरू रडायला लागला. तो रडला की ती विरघळायची, पंचवीस वर्षांत कधी चुकलं नव्हतं. आज काहीच झालं नाही. तिलाच त्याचं नवल वाटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मशीनवर अर्धवट राहिलेला शर्ट पुरा करायला बसली.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही, तिनं होऊ दिलं नाही. गल्लीत कुणाला काही सांगितलं नाही. फक्त अक्काच्या ओट्यावर ती परत गेली नाही, आणि जांभळी साडी घडी करून तिनं कस्तुराबाईच्या पोरीला देऊन टाकली. कस्तुराबाईला वास लागलाच असणार, पण तीही शहाणी, थट्टा न करता गप्प राहिली.

पाडव्याला सकाळी गुढी उभारून सिद्धेश्वरी एकटी चाटी गल्लीत गेली. गर्दी होती. गुरू तिच्याही आधी येऊन थांबला होता, दुकानासमोर टेंपो लावून. टेंपोला झेंडूची माळ होती. गेले चार दिवस तो असाच तिच्या आगेमागे करत होता, न सांगता पाणी भरत होता, नको म्हटलं तरी भाजी निवडत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि आत गेली.

“दर काय देणार?” तिनं शेठला विचारलं.

चार वर्षं मनात घोळवलेलं वाक्य. म्हणताना त्याला काहीच चव लागली नाही. शेठ अठ्ठावीस म्हणाले, ती तीस म्हणाली, साडेएकोणतीसवर जमलं. पैसे दर शनिवारी तिच्या स्वतःच्या हातात, हे तिनं दोनदा म्हणून घेतलं. पाच गठ्ठे तिच्या नावानं बाहेर आले.

गुरू पुढं झाला आणि त्यानं पहिला गठ्ठा खांद्यावर घेतला.

“थांबा,” ती म्हणाली. “शेळगीपत्तर भाडं किती?”

त्याला थट्टा वाटली. कितीतरी दिवसांनी ती थट्टा करतेय म्हणून त्याचा चेहरा उजळला. “काय बोलतीस! चल, बस फुडं.”

“परक्याकडनं किती घेता?”

तो तसाच उभा राहिला, खांद्यावर गठ्ठा घेऊन. आजूबाजूचे हमाल बघायला लागले होते. “तीनशे,” तो शेवटी म्हणाला.

सिद्धेश्वरीनं कमरेची पिशवी सोडली, शंभराच्या तीन नोटा काढल्या आणि त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्याला हात मिटताही येईना आणि परतही देता येईना.

“ठेवा,” ती म्हणाली. “तुमचा हप्ता हाय. आन् मला आता कुणाचं देणं ठेवायचं न्हाय.”

मग गठ्ठे नीट चढले की नाही ते तिनं मोजून घेतलं, आणि ती चालत शेअर रिक्षाच्या थांब्याकडं गेली.